दिनदर्शिकेतला धूर

सिंगापुरात बिशानच्या त्या इमारतीत आठव्या मजल्यावर सोवनींचे बिऱ्हाड होते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालण्यासाठी बांबू खोचून ठेवण्याची सोय होती. या सोयीवर मधुमतीबाईंचा फार जीव. मुलाकडे येऊन त्यांना चार महिने झाले होते. इथल्या बागा, मॉल, जमिनीखालून धावणारी एमआरटी, सारे त्यांनी पाहिले आणि मनापासून वाखाणलेही. परंतु रोज सकाळी धुतलेला कपडा बांबूवर ओवून खिडकीबाहेर सरकवताना त्यांच्या मुखावर जे समाधान उमटे, ते त्या बागांच्या वाट्याला कधी आले नाही. दुपारी कपडे आत घेताना त्या एकेक वस्त्र उजेडाकडे धरून निरखत.

“बघा,” त्या यजमानांना म्हणत, “एक ठिपका नाही.”

विनायकराव मान वर करून बघत आणि “नाही खरा,” असे म्हणून पुन्हा आपल्या वहीत डोके घालत. हा संवाद घरातल्या इतरांना निरर्थक वाटे. मुलगा धैर्यशील बँकेत मोठ्या हुद्द्यावर, त्याला कपडे वाळतात कुठे हेही नीटसे ठाऊक नव्हते. सून अनुया मनाची मोकळी, ती नुसती हसे. तेरा वर्षांच्या नातीला, ऋग्वेदाला, मराठी सारे समजे, पण ती उत्तर बहुधा इंग्रजीत देई. ती म्हणे, “आज्जी इज चेकिंग अगेन.” त्या ठिपक्यामागची गोष्ट घरात दोघांनाच माहीत होती, आणि ती सांगण्याचा प्रसंग सिंगापुरात येईल, असे त्या दोघांच्या स्वप्नातही नव्हते.

विनायकराव हे आंबेशिंगे नावाच्या गावी बत्तीस वर्षे चित्रकला शिक्षक होते. गावाच्या पूर्वेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्याच साली ते तिथे रुजू झाले, आणि निवृत्त होईपर्यंत पंचक्रोशीत त्यांना ‘मास्तर’ या एकाच नावाने ओळखले जाई. पुढची ओळख करून द्यायची ती क्षिप्राची. ती विद्यापीठात संशोधन करी. ग्रामीण मुलुखात कारखाने आले तेव्हा तिथल्या चित्रांनी त्यांना कसे रंगवले, हा तिचा विषय. निमंत्रणपत्रिका, भिंतीवरच्या जाहिराती, दिनदर्शिका असे जे कोणी जपून ठेवत नाही, ते ती तीन वर्षे जमवीत होती. महाराष्ट्र मंडळात तिची अनुयाशी गाठ पडली. बोलता बोलता आंबेशिंग्याचे नाव निघाले आणि अनुया म्हणाली, “अगं, आमचे बाबा तिथलेच! रविवारी ये.”

रविवारी क्षिप्रा आली तेव्हा अनुया आणि मधुमतीबाई टॅम्पिनीसला एका डोहाळजेवणाला गेल्या होत्या. घरी विनायकराव आणि ऋग्वेदा. क्षिप्राने टेबलावरचा फळांचा वाडगा बाजूला सरकवला, मोठ्या पाकिटातून एकेक छापील चित्र काढले आणि ओळीने मांडत गेली. विनायकरावांनी चष्मा लावला. पहिलेच चित्र त्यांनी जवळ ओढून घेतले.

पुढे उसाचे हिरवे रान. मध्ये कारखान्याची उंच चिमणी. डाव्या हाताला आंबेशिंग्याची कौले, उजव्या हाताला ओढा आणि ओढ्यापलीकडे कराळवाडीचा माळ. चिमणी देवाहून उंच दिसू नये म्हणून भैरोबाचे देऊळ बरेच अलीकडे ओढून घेतलेले. त्या देवळाच्या कळसाला पिवळा रंग देताना कुंचल्याचा एक केस गळून चिकटला होता. तो केस शिवकाशीच्या छापखान्यात जाऊन, छापला जाऊन, समुद्र ओलांडून, बिशानच्या टेबलावर आला होता.

“काका, दरवर्षी दिवाळीच्या साखरेबरोबर सभासदांना ही दिनदर्शिका मिळायची ना?”

“मिळायची. साखर आठवड्यात संपायची, चित्र वर्षभर भिंतीवर असायचं.”

“वा! हे लिहून घेते हं मी.” क्षिप्राने खरेच लिहून घेतले. “पण बघा, चित्रकाराचं नाव कुठेच नाही. छापखान्याचं आहे, चेअरमनचं आहे, संचालकांची तर अख्खी यादी आहे.”

“सो सॅड लाह,” ऋग्वेदा केळे सोलत, शेवटी सिंगापुरी ‘लाह’ जोडून म्हणाली.

“आणि आता गंमत पाहा. धूर बघा, धूर!”

ती उठून उभी राहिली. आपल्या विषयावर जीव असलेले माणूस बोलू लागले की त्याचे हात आधी बोलतात, तसे तिचे झाले. पहिल्या चार वर्षांत, म्हणजे शहात्तर ते एकोणऐंशी, चिमणीचा धूर डावीकडे गावावर पसरलेला होता. ऐंशीपासून चौऱ्याऐंशीपर्यंत तो एकाएकी उजवीकडे माळावर वळला. पंच्याऐंशीपासून तो सरळ, खांबासारखा, आकाशात चढू लागला.

“ऐंशी साली वारा बदलला असेल,” विनायकराव हळूच म्हणाले.

“नाही ना! मी हवामानाच्या नोंदी काढल्या. उसाच्या गळिताच्या हंगामात तिथे वारा पूर्वेकडूनच. धूर गावावरच येत असणार. बदलला तो चित्रकार. म्हणजे, बदलायला लावला. गावावर काजळी पडते हे घरोघरच्या भिंतींवर दिसू नये म्हणून कारखान्याने आदेश दिला असणार, आणि त्याने तो पाळला.” तिने प्रदर्शनातल्या पाटीचा मसुदा काढून वाचला. “‘आदेशाने वळलेला धूर. अज्ञात व्यावसायिक चित्रकार.’ कसं वाटतं?”

विनायकरावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“आणि हा तिसरा टप्पा माझा सगळ्यात लाडका,” क्षिप्रा पुढे म्हणाली. “इथे तो माणूस मोकळा झालाय. धूर कसा ताठ उभा! इथे कुणाचं न ऐकता त्याने स्वतःचं काढलंय. माझं सगळं विवेचन या खांबावर उभं आहे.”

“खांब धुराचा आहे,” विनायकराव म्हणाले. ती खळखळून हसली, आणि त्यांना आपण असे बोललो याचे वाईट वाटले.

“एकच कोडं सुटत नाही.” तिने बोट टेकवले. गावाच्या कडेला, एका कौलारू घराच्या परसात, तांदळाच्या दाण्याएवढी एक दोरी होती आणि दोरीवर चार पांढरे कपडे. “ऐंशीनंतरच्या प्रत्येक चित्रात ही दोरी आहे आणि कपडे चारच. छापखान्याची खूण असेल का?”

“असेल,” विनायकराव म्हणाले.

आयुष्यात फारच थोडे असत्य बोललेल्या त्या माणसाला हे एकशब्दी, असत्यासारखे उत्तर जिभेवर कडू लागले. वर्गात त्यांनी मुलांना एकच गोष्ट बत्तीस वर्षे सांगितली होती. दिसते तेच काढा, आणि दिसत नाही ते काढलेत तर का काढले हे उभे राहून सांगता आले पाहिजे. आज कोणी विचारीत होते आणि त्यांना उभे राहता येत नव्हते. ‘अज्ञात’ या शब्दाचे त्यांना दुःख नव्हते, तो शब्द त्यांनी आयुष्यभर सुखाने पांघरला होता. सलत होता तो ‘आदेशाने’ हा शब्द. आपला हात भाड्याचा होता, असे परक्या मुलुखात, काचेखाली, आपल्या चित्राशेजारी लिहिले जाणार होते.

मग बोलावे तर प्रदर्शनाची पुस्तिका आठ दिवसांनी छापायला जायची होती, आणि या गुणी मुलीचा खांब त्याच धुराचा होता. शिवाय बोलायचे तर सगळेच बोलावे लागले असते, आणि त्या गोष्टीचा उत्तरार्ध मास्तरांना भूषणावह नव्हता.

“काका, चित्रांतल्या वस्तूंची तिकडची नावं लिहून द्याल? ही बैलगाडी, ही उसाच्या मोळ्या टाकायची गव्हाण, सगळीच. मी प्रती ठेवून जाते,” क्षिप्रा म्हणाली आणि गेली.

सोमवारी सकाळी मधुमतीबाईंनी त्या प्रती पाहिल्या. हातातला ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

“अगंबाई! अहो, हे तुमचंच की!”

“हळू बोल.”

“हळू कशाला? नातीला दाखवा, सुनेला दाखवा. हे बघा माझं झबलं!”

“तुझं कसलं, धैर्यशीलचं झबलं.”

“धुतलं कुणी?” मधुमतीबाई म्हणाल्या, आणि हा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

विनायकरावांनी त्यांना सारे सांगितले. मधुमतीबाई ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या आणि हसू लागल्या. मग हसू ओसरले.

“मग सांगा की त्या पोरीला.”

“सांगितलं तर तिचा ग्रंथ बसतो खाली. तीन वर्षं लावली आहेत तिने.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मी विकला गेलेला ठरतो.”

“आणि मी कुठे गेले?” मधुमतीबाईंनी विचारले. “धूर वळवायला सांगितला मी, आणि नाव कारखान्याचं? चेअरमनला कळत तरी होतं का धूर कुठे जातो ते? त्यांचं घर तालुक्याला!”

खरे होते ते. अठ्ठ्याहत्तरच्या कार्तिकात धैर्यशीलचा जन्म झाला, आणि त्याच महिन्यात, दर हंगामाप्रमाणे, कारखान्याचा बॉयलर पेटला. अग्निप्रदीपनाच्या समारंभात मास्तरांनीच काढलेली रांगोळी होती, गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. गावात विजेचे दिवे आले ते त्या कारखान्यामुळे, डांबरी रस्ता आला तो त्यामुळे, हायस्कूल उघडले तेही त्यामुळे. मास्तरांचे पोट त्या चिमणीवर होते आणि चिमणीवर त्यांचे प्रेमही होते. परंतु उसाचा चोथा जाळला की त्याची काळी राख उडे आणि वाऱ्यावर तरंगत गावात उतरे. बाळाची झबली मधुमतीबाई सकाळी धूत, दुपारी त्यांवर काळे ठिपके, पुन्हा धूत, संध्याकाळी पुन्हा ठिपके. पुढच्या श्रावणात मास्तर दिनदर्शिकेचे चित्र रंगवीत बसले होते. तेव्हा वीस-बावीस वर्षांची ती मुलगी ओले झबले हातात घेऊन त्यांच्यामागे उभी राहिली आणि म्हणाली होती, “खरा धूर तुम्हाला वळवता येत नाही, ठाऊक आहे मला. चित्रातला तरी वळवा. भिंतीवर तरी माझं झबलं पांढरं राहू दे.”

मास्तरांनी कुंचला धुतला, डावीकडचा धूर पांढऱ्या रंगाने पुसून टाकला आणि उजवीकडे काढला. मग परसात एक दोरी ओढली. तिच्यावर आईचे नऊवारी लुगडे, बायकोचे पातळ, आपला सदरा आणि मुलाचे झबले घातले. चारी शुभ्र.

“शनिवारी ती आपल्याला उबीनला नेणार आहे,” मधुमतीबाई खांद्यावरचा टॉवेल उचलीत म्हणाल्या. “तिथे सांगा. नाही सांगितलंत, तर मी सांगेन. आणि मला एवढ्या शुद्ध भाषेत सांगता येत नाही.”

उबीनला नेण्याची कल्पना क्षिप्राचीच. त्या बेटावर पूर्वी ग्रॅनाइटच्या खाणी होत्या, आता त्यांत तळी झाली आहेत, मास्तरांना काढायला आवडेल, असे ती म्हणाली होती. चांगीच्या धक्क्यावर बमबोट नावाची लाकडी होडी बारा उतारू भरल्याशिवाय सुटत नाही. ऋग्वेदासह हे चौघे आणि सायकली घेऊन आलेले आठजण असे बारा झाले तेव्हा नावाड्याने यंत्र सुरू केले. “आपल्याकडच्या वडापच्या जीपसारखंच,” मधुमतीबाईंनी समाधानाने अभिप्राय दिला.

खाण धक्क्यापासून फार दूर नव्हती. एकेकाळी जिथे सुरुंग उडत होते, तिथे आता खोल हिरवे पाणी निश्चल पसरले होते, आणि काठच्या झाडांवर बगळ्यांची घरटी होती. विनायकराव बराच वेळ नुसते पाहत उभे राहिले. दगडाने आपले शरीर देऊन एक नगर वसवले आणि मग आपल्या जखमेत पाणी साठवून पाखरांना ठाव दिला, हे पाहून त्यांना हात जोडावेसे वाटले. त्यांनी जोडलेही. मग बाकावर बसून वही उघडली. पाणी आले, कडा आला, बगळे आले. वाटेत दिसलेले पत्र्याच्या छपराचे एक जुने लाकडी घरही त्यांनी कोपऱ्यात आणून बसवले.

ऋग्वेदा त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. “आजोबा, फेन्स कुठेय? इथे तर फेन्स आहे. आणि तो डेंजरचा बोर्ड?”

“नको वाटला.”

“दॅट्स चीटिंग, लाह! आणि घर तर इथे नाहीच आहे!”

“सवय गं बाळा. हात जुना आहे.”

क्षिप्रा कौतुकाने वाकली. हसत हसतच वाकली होती, पण ते हसू वाकलेल्या अवस्थेतच राहिले. लाकडी घराच्या परसात तांदळाच्या दाण्याएवढी एक दोरी होती. दोरीवर चार कपडे होते. एक लांबलचक, एक त्याहून आखूड, एक सदरा आणि एक अगदी चिमुकले.

“काका,” ती म्हणाली. मग दोरीवर बोट टेकवून म्हणाली, “काका, ही दोरी...”

विनायकरावांनी पेन्सिल वहीत ठेवली. समोर तळे होते, बाजूला बायको होती. ते खरेच उभे राहिले, जसे वर्गात मुलांना उभे राहायला सांगत.

“तो अज्ञात माणूस मी,” ते म्हणाले. “आणि तुझ्या पाटीवर एक चूक आहे. ऐंशी साली मला कोणी आदेश दिला नव्हता.”

“मी दिला होता,” मधुमतीबाई म्हणाल्या.

झबल्याची गोष्ट मास्तरांनी सांगितली. ऋग्वेदा पोट धरून हसली. “डॅडचं झबलं! इन अ म्युझियम!” क्षिप्राही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. “मग तर हे अधिकच सुंदर आहे,” ती म्हणाली. “तुम्ही तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“कारण गोष्ट संपलेली नाही.” विनायकरावांचा स्वर खाली आला. “धूर झबल्यावरून काढला, तो ठेवला कुठे? उजवीकडे मला जागा कोरी दिसली. माळ होता. पण माळाच्या मागे कराळवाडी होती, चाळीस उंबरे. ते चित्रात येत नव्हते, म्हणून माझ्या मनातही आले नाहीत. पाच वर्षं मी त्यांच्यावर धूर सोडत राहिलो आणि ते चित्र त्यांच्याच भिंतींवर लावत राहिलो.”

“पण काका, खरा धूर तर त्यांच्याकडे जात नव्हता ना?”

“नव्हता. म्हणूनच तर घाबरले ते. त्र्याऐंशीच्या दिनदर्शिकेत चेअरमनसाहेबांनी मला हायस्कुलाची नवी इमारत काढायला लावली. इमारत तेव्हा कागदावरच होती. पुढच्या जूनला ती उभी राहिली. झालं! कारखान्याच्या चित्रात जे येतं ते पुढे खरंच होतं, असं सगळ्या पंचक्रोशीने धरून चाललं. त्या दिवाळीला चौऱ्याऐंशीची दिनदर्शिका वाटली गेली, आणि कराळवाडीहून हौसाबाई आणि दहा माणसं थेट चेअरमनसाहेबांच्या पुढ्यात. मी तिथेच होतो.”

“काय म्हणाल्या?”

मधुमतीबाईंनी पदर खोचला आणि हौसाबाईंचा आवाज काढला. “‘सायेब, आमच्या वाडीवर धूर सोडायचं कधी ठरलं? सभेत तर काय आलं न्हवतं!’”

आता क्षिप्राला खाली बसावे लागले, इतकी ती हसली.

“चेअरमनसाहेबांनी चित्र पाहिलं, मला पाहिलं,” विनायकराव म्हणाले. “हौसाबाई मला म्हणाल्या, ‘मास्तर, तुमच्या दोरीवरली कापडं पांढरी, अन् आमची?’ दोरी त्यांनी ओळखली होती. बाकी कोणी नाही, त्यांनीच. मला उत्तर देता आलं नाही. मग चेअरमनसाहेब म्हणाले, ‘मास्तर, पुढच्या वर्षी धूर सरळ वर काढा. कुणाच्याच अंगावर नको.’ मी काढला.”

क्षिप्राचे हसू हळूहळू निवले. “म्हणजे पंच्याऐंशी... तो खांब...”

“तो आदेश होता. धुराबद्दल कारखान्याने दिलेला एकमेव.”

ती तळ्याकडे पाहू लागली. एक बगळा उतरला, उडाला, दुसऱ्या फांदीवर बसला. “जिथे तुम्ही मोकळे होतात तिथे मी बेडी लिहिली,” ती अखेर म्हणाली, “आणि बेडी होती तिथे मोकळीक. तिसरं प्रकरण गेलंच, काका. आणि शेवटच्या चित्रांत धूर अगदी बारीक होतो, तो कुणाचा आदेश?”

“कुणाचाच नाही. राख पाण्यात धरणारं यंत्र बसलं. दिसला तसा काढला.”

“यंत्र बसलं कुणामुळे?” मधुमतीबाईंनी विचारले.

“सरकारी नियमामुळे.”

“असं हे म्हणतात. चित्रात आलं ते खरं झालं!”

परतीच्या धक्क्यावर अकराच उतारू होते, बाराव्याची वाट पाहणे आले. क्षिप्रा एकटीच टोकाला जाऊन उभी राहिली होती. विनायकराव तिच्यापाशी गेले.

“माझं एक मागणं आहे,” ते म्हणाले. “नाव घालू नकोस. अज्ञातच राहू दे. तुझं लिखाणही आहे तसं जाऊ दे, कोणी तपासायला येत नाही. फक्त ‘आदेशाने’ हा एक शब्द काढ. तेवढ्याने माझं भागेल.”

“काका, वर्गात एखाद्या मुलाने असं सांगितलं असतं तर?”

तेवढ्यात सायकल ढकलीत एक तरुण आला, बारा भरले आणि होडी सुटली. बिशानला उतरल्यावर क्षिप्राने दोघांना वाकून नमस्कार केला, आणि पुढे तीन आठवडे तिचा फोन नाही.

विनायकरावांचे त्या दिवसांत कशातच लक्ष लागेना. एका दुपारी समुद्रापलीकडच्या जळत्या रानांतला धूर वाऱ्याबरोबर आला, समोरच्या इमारती फिकट झाल्या, आणि मधुमतीबाई लगबगीने बांबू आत ओढू लागल्या. ते उठून मदतीला गेले. “त्या पोरीचं मी वाटोळं केलं,” बांबूचे दुसरे टोक धरून ते म्हणाले.

“सदरा धरा,” मधुमतीबाई म्हणाल्या. “ज्या पोरीने हवामानाच्या नोंदी काढल्या, ती काही एवढ्याने पडत नाही.”

मग निमंत्रण आले. विद्यापीठातले छोटेसे दालन, शांत उजेड, भिंतीवर ओळीने लावलेली चित्रे. प्रारंभीच क्षिप्रा भेटली. डोळ्यांखाली जागरणे दिसत होती आणि चेहरा प्रसन्न होता. “पुस्तिका महिनाभर लांबणीवर टाकली,” ती म्हणाली. “तिसरं प्रकरण नव्याने लिहिते आहे. पाटी मात्र झाली. या.”

पाटीवर वर इंग्रजी होते आणि खाली मराठी. विनायकराव पुढे झाले, पण अक्षरे त्यांच्या डोळ्यांपुढे हलू लागली. त्यांनी नातीचा हात धरला. “तू वाच गं. खालचं.”

ऋग्वेदाने एकदा सर्वांकडे पाहिले आणि जोडाक्षरांना ठेचकाळत, हळूहळू वाचले.

“‘चित्रकार: विनायक सोवनी, चित्रकला शिक्षक, आंबेशिंगे. धुराची दिशा, एकोणीसशे ऐंशी ते चौऱ्याऐंशी: मधुमती सोवनी यांच्या सांगण्यावरून. पंच्याऐंशीपासून: कराळवाडीच्या हौसाबाई व इतर दहा ग्रा... ग्रामस्थांच्या हरकतीवरून.’”

विनायकरावांनी डोळे मिटले. पन्नास वर्षांपूर्वी चेअरमन आणि संचालकांच्या यादीखाली जी जागा त्यांनी आपण होऊन कोरी सोडली होती, तिथे आता माणसे उभी होती. ती एकटी त्यांची नव्हती, यात त्यांना सर्वांत अधिक सुख वाटले. हौसाबाईंना उत्तर मिळाले होते. उशिरा, आणि फार दूर, पण लिहून.

मधुमतीबाई मात्र पाटीकडे पाहत नव्हत्या. काचेला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन त्या परसातली दोरी निरखीत होत्या. “एक ठिपका नाही,” त्या समाधानाने म्हणाल्या. मग मागे सरून त्यांनी पाटी स्वतः वाचली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“क्षिप्रा, हे चुकलंय.”

“काय हो काकू?” क्षिप्रा दचकली.

“‘सांगण्यावरून’ काय? मी काही सांगितलं-बिंगितलं नव्हतं. ओलं झबलं हातात घेऊन उभी होते मी! आदेश होता तो. आदेश लिही.”

क्षिप्राने प्रश्नार्थक मुद्रेने विनायकरावांकडे पाहिले. हाच एक शब्द काढून टाकावा म्हणून त्यांनी उबीनच्या धक्क्यावर तिच्याजवळ मागणे मागितले होते. त्यांनी पत्नीकडे पाहिले, धुराकडे पाहिले, आणि सदऱ्याच्या खिशातली पेन्सिल काढून क्षिप्रापुढे धरली.